फ्रँक सिनात्राचा दुसरा डाव

या मालिकेत माझ्याआधी बोललेली माणसं आपापल्या विषयातली जाणकार होती. मी तोफखान्यातला माणूस. गाणं शिकलेलो नाही आणि डाव्या कानाने मला धड ऐकूही येत नाही. तरी विषय घेतलाय एका अमेरिकन गायकाच्या ध्वनिमुद्रणांचा. आयोजकांनी दोनदा विचारून घेतलं की, नक्की हाच विषय ना? म्हटलं, हाच.

फ्रँक सिनात्रा हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते मेसमध्ये. तेव्हा मी नवा सेकंड लेफ्टनंट होतो. मेसमध्ये एक जुना रेकॉर्ड प्लेअर होता, दहा-बारा एलपी होत्या आणि त्यांवर आमच्या सीओ साहेबांचा ताबा होता. शनिवारी रात्री जेवणानंतर ते एकच रेकॉर्ड लावायचे. एकदा मी धीर करून विचारलं, 'सर, हा कोण?' ते म्हणाले, 'हा लढाईला गेला नाही. पण गातो बरा.' विषय संपला. कॅप्टन होईपर्यंत मीही हे वाक्य लोकांना ऐकवत होतो. त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट सगळे सांगायचे. त्याचं गाणं संपलं होतं, मग एका युद्धपटात त्याला सैनिकाची भूमिका मिळाली, ऑस्कर मिळालं आणि तो वाचला. निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता, म्हणून मी तारखा तपासायला बसलो. आमच्या पेशात कुठल्याही घटनेची चौकशी तारीख आणि वेळ लिहूनच सुरू होते. तारखा लिहिल्यावर दोन्ही गोष्टी डळमळल्या.

आधी लढाईचं बोलतो.

सिनात्राचा जन्म १२ डिसेंबर १९१५चा, न्यू जर्सीतल्या होबोकेनचा. बाळंतपण अवघड होतं, चिमट्याने ओढून काढलेलं मूल. कान, मान, गाल यांवर व्रण राहिले आणि कानाच्या पडद्याला भोक. डिसेंबर १९४३ मध्ये सैन्याची वैद्यकीय तपासणी झाली आणि तो अपात्र ठरला. तोवर तो देशातला सर्वात गाजलेला गायक झाला होता. थिएटरबाहेर मुलींच्या रांगा लागत होत्या आणि त्यांच्या वयाची मुलं इटलीत आणि पॅसिफिकच्या बेटांवर मरत होती. सैनिकांना त्याचा राग येणारच. ४०,००० डॉलर देऊन त्याने प्रमाणपत्र मिळवलं अशी अफवा उठली. एफबीआयने चौकशी केली, काही सापडलं नाही. अफवा मात्र तशीच राहिली, आमच्या मेसपर्यंत पोहोचण्याइतकी टिकली.

आता माझं सांगतो. आपल्या सैन्यात 'शेप' नावाची वैद्यकीय प्रतवारी असते, त्यातलं 'एच' म्हणजे ऐकणं. माझा डावा कान तोफांपाशी गेला. तेव्हा कानात कापसाचे बोळे घालणाऱ्याला लोक हसायचे आणि हसणाऱ्यांत मीही होतो. मेजर असताना मेडिकल झालं. सहा मीटरवरून डॉक्टर कुजबुजतात आणि आपण तो शब्द परत म्हणायचा. डाव्या बाजूने मला फक्त हवा ऐकू येत होती. पण माझ्या आधीच्या अधिकाऱ्याची तपासणी मी दाराबाहेरून उजव्या कानाने ऐकली होती. डॉक्टरांनी शब्द बदलले नाहीत. मी पास झालो, हवं ते पोस्टिंग मिळालं आणि तिथे दोन वर्षं वायरलेसचा हँडसेट सतत उजव्या कानाला लावून बसलो. एका सरावात डाव्या बाजूने कुणीतरी ओरडून दिलेली 'थांबा'ची सूचना मला ऐकू आली नाही. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. म्हणजे खोटं बोलून सैन्याबाहेर राहिला असं मी ज्याच्याबद्दल मेसमध्ये सांगत होतो, त्याचा कान खरोखरच फाटलेला होता. आणि खोटं बोलून मी आत राहिलो होतो. सीओ साहेबांचं ते वाक्य त्यानंतर मी कधी म्हटलं नाही.

आता गाण्याकडे येऊ. सिनात्राला 'क्रूनर' म्हणत. क्रूनर म्हणजे मायक्रोफोन आल्यावर जन्मलेला गायक. त्याआधी थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. मायक्रोफोनने ती गरज संपवली आणि माणूस कानाशी बोलल्यासारखा गाऊ लागला. आपल्याकडे तलत महमूद आठवा, म्हणजे कल्पना येईल. पण हळू गाणं म्हणजे सोपं गाणं नव्हे. हळू गाताना श्वास ऐकू येतो आणि चुकीच्या जागी घेतलेला श्वास ओळीचा अर्थ तोडतो. १९४० पासून सिनात्रा टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये होता. डॉर्सी ट्रोम्बोन वाजवायचा आणि त्याचे स्वर न तुटता इतके लांब जात की, हा माणूस श्वास कधी घेतो तेच कळत नसे. सिनात्रा मंचावर त्याच्या मागे बसून ते बघत राहिला. मग पोहण्याच्या तलावात पाण्याखाली दम रोखून लांबी मारायला लागला. पीटी म्हणा हवं तर. हा ट्रोम्बोन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९४२च्या सप्टेंबरमध्ये त्याने डॉर्सीला सोडलं. वेळ अगदी वाईट होती. १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो तिचा अध्यक्ष, ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता. रेकॉर्ड विकून कंपन्या कमावतात, त्यातला वाटा आम्हाला द्या, ही मागणी. वादकच नाहीत तर गाणार कशावर? त्यात रेकॉर्डच्या कच्च्या मालाचीही टंचाई होती. ७८ गतीच्या तबकड्या लाखेच्या बनत आणि लाख जायची मुख्यतः आपल्याकडून, छोटा नागपूरसारख्या भागातल्या पळस-कुसुमाच्या झाडांवरून. युद्धात ती इतर कामांना लागू लागली, म्हणून अमेरिकी सरकारने १९४२ मध्ये तबकड्यांसाठीच्या लाखेवर मोठी कपात लादली.

कोलंबिया कंपनीने दोन मार्ग काढले. पहिला असा की, १९३९ मध्ये हॅरी जेम्सच्या बँडबरोबर केलेलं सिनात्राचं 'ऑल ऑर नथिंग ॲट ऑल' पुन्हा बाजारात आणलं. ते ध्वनिमुद्रण ३१ ऑगस्ट १९३९चं, म्हणजे जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसण्याच्या आदल्या दिवसाचं. तेव्हा ते कुणी फारसं घेतलं नव्हतं. १९४३ मध्ये त्याच तबकडीच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. दुसरा मार्ग गमतीचा. बंदी वादकांवर होती, गळ्यावर नव्हती. म्हणून १९४३ मध्ये सिनात्राने वाद्यमेळाशिवाय, नुसत्या गायकवृंदाच्या साथीवर गाणी केली. आज ती ऐकताना प्रार्थनासभेत चुकून प्रेमगीत सुरू झाल्यासारखं वाटतं. मला ती आवडत नाहीत, पण श्वासाचा अभ्यास करायचा असेल तर त्यांच्याइतकं चांगलं साधन नाही, कारण त्यात लपायला जागा नाही.

वाद्यवृंदासह तो त्या काळात गायला ते सैन्यासाठी. अमेरिकी सैन्याने १९४३ मध्ये 'व्ही-डिस्क' सुरू केल्या. १२ इंची तबकडी, एका बाजूला सहा मिनिटांच्या आसपास वेळ आणि लाखेऐवजी विनाइल, कारण लाखेची तबकडी जहाजातून आघाडीवर पोहोचेपर्यंत फुटायची. संघटनेने परवानगी दिली ती या अटीवर की, ही गाणी बाजारात विकली जाणार नाहीत. म्हणजे बघा, ज्याच्यावर सैनिकांचा राग होता त्याचा ताजा आवाज, पूर्ण वाद्यवृंदासह, घरच्या लोकांना दुकानात मिळत नव्हता तेव्हा खंदकातल्या सैनिकाला ऐकायला मिळत होता. युद्ध संपल्यावर काम झालं म्हणून यातल्या बऱ्याच मूळ प्रती नष्ट केल्या गेल्या. सैनिकांनी सामानातून लपवून घरी आणलेल्या तबकड्यांमुळे आज त्यातलं बरंच ऐकायला मिळतं. नियमाविरुद्धचं सामान घरी नेणं हा गुन्हा खराच, पण या बाबतीत मी डोळेझाक करीन.

नोव्हेंबर १९४४ मध्ये कोलंबियाने तडजोड केली आणि त्याची चांगली वर्षं सुरू झाली. अॅक्सेल स्टॉरडाल हा संगीत संयोजक, मऊ व्हायोलिन, संथ लय. १९४६ मध्ये 'द व्हॉइस ऑफ फ्रँक सिनात्रा' नावाचा चार तबकड्यांचा, आठ गाण्यांचा संच निघाला. सुटी गाणी गोळा न करता एकाच मनःस्थितीची आठ गाणी निवडायची, हा विचार त्यात होता. तो पुढे फार कामी आला.

मग घसरण. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबमध्ये गाताना स्वरयंत्रात रक्तस्राव झाला आणि आवाजच फुटेना. घरसंसार मोडला होता, वर्तमानपत्रं मागे लागली होती. कोलंबियात मिच मिलर हा नवा प्रमुख आला होता, त्याला गमतीची, चटकन खपणारी गाणी हवी होती. १९५१ मध्ये सिनात्राने एक युगुलगीत केलं, त्यात मधूनमधून कुत्र्यासारखं भुंकणं आहे. पुढे आयुष्यभर तो त्यावरून मिलरवर चिडून होता. माझं मत विचाराल तर, मिलरने बंदूक रोखली नव्हती, स्टुडिओत उभा सिनात्राच होता. शिवाय त्याच वर्षी त्याच कंपनीसाठी त्याने 'आय ॲम अ फूल टू वाँट यू' गायलंय, ते ऐकल्यावर हा आवाज संपला होता असं म्हणवत नाही. १७ सप्टेंबर १९५२ला कोलंबियासाठी त्याचं शेवटचं ध्वनिमुद्रण झालं. करार पुढे चालला नाही.

आता तारखांकडे नीट लक्ष द्या. मार्च १९५३ मध्ये कॅपिटॉल कंपनीच्या अॅलन लिव्हिंग्स्टनने त्याला घेतलं. विक्री विभागाच्या लोकांना हे सांगितलं तेव्हा सभेतून कण्हल्यासारखा आवाज आला, असं लिव्हिंग्स्टन पुढे सांगायचा. कंपनीला त्याची जोडी नेल्सन रिडल या तरुण संयोजकाशी लावायची होती. सिनात्रा जुन्या स्टॉरडालवर अडून होता. ३० एप्रिल १९५३ला रिडलबरोबर पहिलं सत्र झालं आणि त्यात 'आय हॅव गॉट द वर्ल्ड ऑन अ स्ट्रिंग' ध्वनिमुद्रित झालं. 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' हा चित्रपट झळकला ऑगस्ट १९५३ मध्ये. ऑस्कर मिळालं मार्च १९५४ मध्ये.

म्हणजे त्याने सैनिक माजियोच्या भूमिकेत लोकांना रडवलं त्याच्या तीन महिने आधी नवा सिनात्रा टेपवर आलेला होता. चित्रपटाने लोकांचे कान त्याच्याकडे वळवले, हे मला मान्य आहे. पण वळलेल्या कानांना ऐकवायला काही तयार नसतं, तर एका ऑस्करवर किती दिवस निघाले असते?

हा रिडल कोण? मूळचा ट्रोम्बोनवादक. आणि कुणाच्या बँडमधला? टॉमी डॉर्सीच्या. सिनात्रा गेल्यावर दोन वर्षांनी तो तिथे होता. म्हणजे एकाच उस्तादाच्या पाठीमागे बसून दोघांनी वेगवेगळ्या वेळी तेच बघितलं होतं. श्वास कुठे संपणार हे रिडलला ठाऊक असायचं आणि तेवढीच जागा तो मोकळी ठेवायचा. गाणारा बोलत असताना वाद्यं गप्प, तो थांबला की मागून एखादी बासरी किंवा ट्रम्पेट. चांगला अॅडज्युटंट सीओ बोलत असताना मध्ये बोलत नाही, पण कागद बरोबर वेळेला पुढे सरकवतो, तसं.

१९५५चा 'इन द वी स्मॉल अवर्स' ऐका. १६ गाणी, सगळी रात्री झोप न येणाऱ्या माणसाची. ध्वनिमुद्रणंही रात्रीच झाली, संध्याकाळी आठला सुरू होऊन मध्यरात्र उलटेपर्यंत. पूर्वी तीन मिनिटांची तबकडी असायची, एक गाणं म्हणजे एक मूड आणि विषय संपला. एलपीमुळे पाऊण तास एकाच मनात राहता येऊ लागलं. १९४६चा तो चार तबकड्यांचा विचार इथे पुरा झाला.

१२ जानेवारी १९५६ला 'आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन' झालं. रिडल शेवटचे कागद गाडीत बसून लिहीत स्टुडिओत आला, बायको गाडी चालवत होती. मिल्ट बर्नहार्टला मधला ट्रोम्बोनचा तुकडा वाजवायचा होता आणि मायक्रोफोन उंच होता, म्हणून त्याच्या पायाखाली खोकं ठेवलं. वीसच्या वर टेक झाले. तो तुकडा सुरू होतो तेव्हा मागे सिनात्रा नाही, पण जो वाढत वाढत जाणारा दम आहे तो त्याच शाळेतला. लक्षात ठेवा म्हटलं होतं तो ट्रोम्बोन हाच.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, लवकर सांगतो. १९५८चा 'ओन्ली द लोनली', १९६० मध्ये स्वतःची रिप्राइज कंपनी, १९६६चं 'स्ट्रेंजर्स इन द नाइट', १९६९ मध्ये आलेलं 'माय वे'. ते शेवटचं आपल्याकडे प्रत्येक निरोप समारंभात वाजतं, माझ्याही वाजलं. मला ते सहन होत नाही. १९७१ला निवृत्ती, १९७३ला परत मैदानात. १४ मे १९९८ला गेला.

घरी माझ्याकडे चांगले स्पीकर आहेत, मुलाने दिलेले. तो म्हणतो, बाबा, जुनी मोनो रेकॉर्डिंग यावर वाया जातात. त्याला सांगतो, मोनोमध्ये सगळं एका बाजूनेच येतं, एका कानाच्या माणसावर अन्याय होत नाही. 'वी स्मॉल अवर्स' मोनो आहे. रात्री उजवा कान स्पीकरकडे करून बसतो. आवाजापेक्षा श्वासाकडे जास्त लक्ष असतं. तो कुठे घेतला हे पकडायचा प्रयत्न करतो. अजून तीन-चार जागा सापडलेल्या नाहीत.

बरं, आता प्रश्न घेऊ. समोर बसलेल्यांना एकच विनंती, माझ्या उजव्या बाजूने विचारा.