चर्चच्या भिंतींबाहेर उपासनेचा नियम



माझ्या मास्तरकींतील एक जुनी चूक सांगून आरंभ करतों. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं एक मुलगा ओठ मिटून उभा राही. मीं त्याला सर्वांदेखत दटावलें. "मास्तर, ही प्रार्थना आमच्या घरची नाहीं," एवढेंच तो म्हणाला. पुढें एका दूरच्या देशाचा धर्मेतिहास वाचतांना त्याचें तें वाक्य मला पुन्हा आठवलें.

सोळाव्या शतकांत कॅल्विनच्या शिकवणीवर युरोपांत जो ‘रिफॉर्म्ड’ ख्रिस्ती पंथ उभा राहिला, त्याचा उपासनेविषयींचा नियम मोठा कडक आहे. ल्यूथरच्या अनुयायांचें म्हणणें असें कीं, बायबलानें जें निषिद्ध ठरविलें नाहीं तें उपासनेंत चालेल. रिफॉर्म्ड पंथ म्हणतो, बायबलानें जें सांगितलें तेवढेंच चालेल. लंडनमध्यें १६४६ सालीं पुऱ्या झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या श्रद्धापत्रांत हा नियम स्पष्ट केला आहे. किती वाजतां जमावें, कोठें बसावें, असल्या गोष्टी मात्र त्यानें सामान्य बुद्धीवर सोपविल्या आहेत.

आतां प्रश्न असा कीं, हा नियम चर्चमध्यें भरणाऱ्या मंडळीपुरताच आहे, कीं घरांत, वसतिगृहांत, माळावर चार माणसें जमलीं तरीहि तो लागू होतो?

श्रद्धापत्राचें उत्तर प्रथमदर्शनीं सरळ दिसतें. कोणत्याहि स्थळामुळें प्रार्थना अधिक पवित्र होत नाहीं. उपासना घरोघरीं रोज व्हावी, एकांतांत व्हावी, आणि मंडळींत अधिक गांभीर्यानें व्हावी. परंतु स्कॉटलंडच्या चर्चनें १६४७ सालीं एडिंबरो येथें घरगुती उपासनेची जी मार्गदर्शिका मंजूर केली, तिनें एक भेद केला. घरांतील कर्त्या पुरुषानें प्रार्थना चालवावी, बायबल वाचवून घ्यावें, त्यावर बोलावें. पण उपदेशकाचें काम अंगावर घेऊं नये. शेजारच्या कुटुंबांना बोलावूंहि नये, कारण तशानें सार्वजनिक उपासनेला बाध येतो आणि फुटी माजतात. संकटकाळीं मात्र एरवीं न खपणाऱ्या पुष्कळ गोष्टी स्तुत्य ठरतात, हेंहि तिनें मान्य केलें.

तें संकट पंधरा वर्षांतच आलें. दुसऱ्या चार्ल्स राजानें बिशपांची सत्ता पुन्हा लादली, आणि १६६२ नंतर दोनशेंहून अधिक पाळकांना आपलीं चर्चें सोडावीं लागलीं. लोक त्यांच्यामागून ओसाड माळांवर जमूं लागले. १६७० च्या कायद्यानें अशा मेळाव्यांत उपदेश करणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठेविली. तरी मेळावे थांबले नाहींत. तेथें ना छप्पर होतें, ना घंटा. पण स्तोत्रें, वाचन, उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन सारें नियमाप्रमाणें चाले. भिंती गेल्या, पण पाळक आणि मंडळी होती, म्हणून नियमहि राहिला.

माझ्या अल्पमतीप्रमाणें नियम जागेला नव्हे, कृत्याला लागतो. लोकांना उपासनेसाठीं म्हणून जेथें पाचारण होतें, तेथें तो लागू आहे, मग ती जागा दिवाणखाना असो कीं माळ. संस्कार तर मंडळीचेच, आणि पाळकाच्याच हातचे. जेवण झाल्यावर मित्रांनीं एखादें भक्तिगीत गाइलें, तर तेथें मोकळीक असावी.

कारण या कडकपणाचा मूळ हेतु मनुष्याच्या सदसद्विवेकाचें रक्षण हा आहे. त्याचा धनी एक ईश्वरच, असें श्रद्धापत्र सांगतें. मंडळींत बसलेल्या माणसाला सहज उठून जातां येत नाहीं. म्हणून देवानें न सांगितलेली गोष्ट त्याच्या मुखीं कोणीं घालूं नये. ज्या वसतिगृहांत प्रार्थनेला हजेरी सक्तीची असते, तेथेंहि हाच विचार लागू पडतो. न येण्याची मोकळीक जितकी कमी, तितकी बोलावणाऱ्याची जबाबदारी अधिक.

त्या मुलाला मीं पुन्हा कधीं दटावलें नाहीं. पण त्याची क्षमाहि मागितली नाहीं. तो आज हें ऐकत असेल, तर ती मीं मागितली असें त्यानें समजावें.