जरीच्या पागोट्याचा प्रश्न



अन्यायाचा विषय निघाला की दूरदेशीची उदाहरणे चटकन आठवतात. उंबरठ्याजवळची मात्र आठवून द्यावी लागतात. इंदूरचा राजवाडा हे होळकरांच्या वैभवाचे प्रतीक. धनगर कुळात जन्मलेल्या मल्हाररावांनी स्वपराक्रमाने हे राज्य उभारले. माणसाची योग्यता जन्मावर ठरत नाही, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

परंतु त्याच राज्यातील कनाडिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आदी गावांच्या सवर्णांनी बलाई समाजावर काही नियम लादले. जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत, सांगितलेली सेवा मोबदला न मागता करावी. मान्य नसेल तर गाव सोडावे! बलाईंनी नकार देताच विहिरीचे पाणी बंद झाले, गुरांची चराई बंद झाली. त्यांनी दरबारात अर्ज केले. दाद वेळेवर मिळाली नाही. शेकडो कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून धार, देवास, ग्वाल्हेर अशा शेजारच्या संस्थानांची वाट धरली. जानेवारी १९२८ मध्ये वृत्तपत्रात आलेली ही हकीकत इंदूरजवळच्या महू येथे जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नमूद केली.

त्याच १९२८ च्या मार्च महिन्यात, १९२६ साली गादी सोडलेल्या तुकोजीराव होळकरांचा विवाह नॅन्सी मिलर या अमेरिकन युवतीशी झाला. तिला हिंदू धर्मात घेऊन शर्मिष्ठा हे नाव देण्यात आले. सातासमुद्रापलीकडच्या कन्येसाठी धर्माला वाट सापडली, हे योग्यच झाले. पण गावाच्या वेशीतील बलाईंसाठी ती का सापडू नये?

अमेरिकेतही हेच घडले होते. दक्षिण कॅरोलिनाच्या १७४० च्या कायद्याने गुलामांनी कोणते जाडेभरडे कापड वापरावे हे ठरविले होते. गुलामगिरी गेली, तरी बसमधील आसने वर्णावरून वेगळीच राहिली. १९५५ मध्ये माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला आणि ३८१ दिवस पायपीट करून न्याय मिळविला. भारतात त्याच वर्षी अस्पृश्यता (अपराध) अधिनियम अमलात आला.

दोन्हीकडे भेदाची रीत एकच: कापड, पाणी, आसन यांतून माणसाला त्याची ‘पायरी’ दाखविणे. फरक इतकाच की, तिकडे कायद्याने बंधन घातले. बिचोलीत ते गावानेच घातले. जे बंधन कायद्याने घातले नाही, ते केवळ कायद्याने सुटतही नाही. ते मोडण्याचे काम मान बाळगणाऱ्यांनीच करावयाचे असते.

देवालयाचे महाजनपद हा असाच मान आहे. पालखीला खांदा कोणाचा, पंगतीत पान कोठे, विहिरीवर हात कोणाचा, हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. आणि कोणी गाऱ्हाणे घेऊन आला तर त्याला वेळेवर उत्तर मिळावे. कारण बलाईंची घरे नियमांनी जितकी उठविली, तितकीच त्या न मिळालेल्या उत्तराने उठविली.