अज्ञान पक्षकार



कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालील मुलाला ‘अज्ञान’ म्हणतात. अपघाताचे दावे चालवताना माझी बरीच वर्षे अशा अज्ञान पक्षकारांच्या संगतीत गेली. हा पक्षकार वकीलपत्रावर सही करीत नाही. त्याच्या वतीने आईबाप अर्ज करतात. आणि समोरून पहिला प्रश्न येतो, “मुलगा कमावीत काय होता?”

प्रश्न निर्दय वाटतो, पण तो हिशेबातून निघतो. भरपाई ठरविताना वार्षिक मिळकतीला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणतात. मुलाची मिळकत शून्य, आणि शून्याला कशानेही गुणा, उत्तर शून्यच! म्हणून मोटार वाहन कायद्याला १९९४ साली जोडलेल्या परिशिष्टाने न कमावणाऱ्याची मिळकत वर्षाला १५,००० रुपये मानली. महागाई वाढत गेली, आकडा मात्र जागचा हलला नाही. २०१३ साली दहा वर्षांच्या मृत मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो ३०,००० धरला. २०२० साली, मेंदूच्या दुखापतीने जन्मभर परावलंबी झालेल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी त्याच न्यायालयाने कुशल कामगाराचे किमान वेतन धरले, मदतनिसाचा खर्चही जोडला आणि एकूण ६२ लाख २७ हजार रुपये दिले.

आता माझी एक चूक सांगतो. आपल्या महामार्गावर वडखळच्या बाजूला एका शाळकरी मुलाचा पाय गुडघ्याखाली गेला. आई गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करी. अलिबागला दावा चालला. मी कृत्रिम पायाचा खर्च मागितला, तो मिळाला आणि मी खूश झालो. दोन वर्षांनी ती माउली मुलाला घेऊन दारात उभी. म्हणाली, “वकीलसाहेब, पाय आखूड पडतो.” मूल वाढते, लाकडाचा पाय वाढत नाही, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. निकाल लागून गेला होता.

त्या दिवसापासून प्रत्येक डॉक्टराला मी साक्षीत विचारतो, “हे मूल मोठे होईपर्यंत किती पाय लागतील? आणि नंतर?”

म्हणून विनंती करतो. घरावर असा प्रसंग आला, तर चहाच्या टपरीवर तडजोडीच्या कागदावर सही करू नका. फिर्यादीची नक्कल, पंचनामा, केसपेपर, शाळेचा दाखला जपून ठेवा. अर्जाला सहा महिन्यांची अट २०२२ पासून लागू झाली. तिच्यावर वाद असला तरी वाट पाहत बसू नका. मुलाचा पैसा न्यायाधिकरण बँकेत मुदतठेवीत ठेवायला लावते, तेव्हा रागावू नका. तो घराच्या कौलांसाठी नाही, त्याच्या पुढच्या पायासाठी आहे.

त्या खटल्यात अज्ञान कोण होता, हे मी अजून विसरलेलो नाही.