सायकलवाले, चालणारे आणि एकच मुक्काम: भंडारदराच का?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी फिरवून फिरवून एकच प्रश्न पाठवलाय. ग्रुपमधले अर्धे सायकलवाले, अर्धे पायी फिरणारे, तीन दिवस डोंगरात एकत्र जायचंय, तर मुक्काम कुठे टाकायचा? आज त्यावरच बोलू. आणि सायकल चालवताना ऐकत असाल तर हेडफोन एकाच कानात हं, प्लीज.

आमचा ग्रुप अकरा जणांचा. पाच सायकलवाले, सहा चालणारे. चालणाऱ्यांत एक मैत्रीण होती, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झालेले. आणि एका मित्राची आई, म्हणजे आमच्या काकू, वय साठच्या पुढे. त्याआधीच्या दोन ट्रिपा आम्ही वेगवेगळ्या केल्या होत्या. सायकलवाले एकीकडे, ट्रेकवाले दुसरीकडे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही उरलं नव्हतं. खरं सांगू, ही तिसरीही वेगळी झाली असती तर पुढे कुणी कुणाला विचारलंच नसतं. त्यामुळे मुक्काम निवडणं म्हणजे नुसतं हॉटेल शोधणं नव्हतं.

पहिलं नाव आलं महाबळेश्वर. येणारच! हवा छान, खोल्या भरपूर, स्ट्रॉबेरी. पण एकदा उंची बघा. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर, पाचगणी त्याच्या जरा खाली, आणि वाई पार सातशेच्या आसपास. म्हणजे सायकलवाले सकाळी पसरणीचा घाट मस्त उतरणार, वाईत मिसळ खाणार, आणि दुपारी उन्हात तोच घाट चढत परत येणार. बारा-तेरा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून जास्त चढ, आणि तो संपल्यावर पाचगणी ते महाबळेश्वर आहेच. तयारीच्या माणसाला यात मजा येते, मला स्वतःला आवडतो तो घाट. पण ग्रुपमधला नवखा सायकलवाला दुसऱ्या दिवशी खोलीतून बाहेर पडत नाही. त्यात शनिवार-रविवारची गाड्यांची रांग.

म्हणून माझं मत असं, की डोंगराच्या माथ्यावर मुक्काम टाकू नये. माथ्यावर राहिलात की रोजचा चढ दिवसाच्या शेवटी येतो, पाय संपलेले असताना. मुक्काम मधल्या उंचीवर हवा. चढ सकाळी, उतार संध्याकाळी.

दुसरं नाव माळशेजचं. खुबी फाट्याला राहिलं की हरिश्चंद्रगड जवळ, चालणारे एकदम खूश. पण सायकलवाल्यांना मिळतो कल्याण-नगर महामार्ग, ट्रकांच्या शेजारून. नको.

मग नकाशावर आलं भंडारदरा. अहिल्यानगर जिल्हा, अकोले तालुका. गावाचं नाव खरं तर शेंडी. समोर प्रवरेवरचं विल्सन धरण, 1926 साली पूर्ण झालेलं. धरणाच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे, साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा. शेंडीतून निघा, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, मग साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी. जिथून निघालात तिथेच येता. मधे चढउतार आहेत, घाटघर-साम्रदच्या बाजूला दम लागतो, काही ठिकाणी रस्ता उखडलेलाही असतो. पण घाट चढून घरी यायचं, असा प्रकार नाही. आणि एक बारीकशी गंमत. शेंडीतून निघून आधी मुरशेतच्या बाजूने गेलात, तर पाणी पूर्ण वेळ डाव्या हाताला राहतं. आपण चालवतो डावीकडून, म्हणजे पाण्याच्या बाजूची जागा तुमची. उलट दिशेने गेलेल्यांना अर्धा वेळ समोरच्या गाड्याच दिसतात.

आता चालणाऱ्यांचं बघा. याच वळशावर ट्रेक सुरू होतात, हे सगळ्यात महत्त्वाचं. रतनवाडीतून रतनगड, साम्रदमधून सांदण दरी, घाटघरला कोकणकडा. आणि शेंडीपासून सहा-सात किलोमीटरवर बारी, कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर.

म्हणजे दोन्ही गट सकाळी वेगळे निघाले तरी दुपारी एका ठिकाणी भेटू शकतात. आम्ही रतनवाडीला भेटलो. चालणारे जीपने तिथे जाऊन रतनगडावर गेले, शिड्या चढून वर नेढ्यात बसून वारा खाऊन आले. सायकलवाले वळसा घालत दुपारी पोचले. गुडघावाली मैत्रीण गडावर गेलीच नाही. अमृतेश्वराच्या देवळात बसली, दगडावरचं कोरीवकाम बघत, मग पुष्करणीपाशी. गावातल्या एका ताईंच्या घरी सगळ्यांचं पिठलं-भाकरी तिनेच सांगून ठेवलं होतं. आम्ही घामाघूम होऊन पोचलो तर ही चुलीजवळ गप्पा मारत बसलेली. "या, तुमचीच वाट बघत होते," म्हणाली. दोन वर्षांनी ती आमच्याबरोबर आली होती, आणि दिवसभर गाडीत बसून राहावं लागलं नाही.

मुक्काम निवडताना मी आता हेच आधी विचारतो. जो माणूस त्या दिवशी काहीच करणार नाही, त्याच्यासाठी तिथे काय आहे? फिट माणूस कुठेही रमतो.

काकूंचा हट्ट कळसूबाईचा होता. "मला देवीला जायचंय, पण तुमच्यासारखं पळत नाही येणार," असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं त्यांनी. मग तिसऱ्या दिवशी सायकली खोलीत ठेवल्या आणि अकराच्या अकरा जण पहाटे बारीतून चढलो. लोखंडी शिड्या आहेत, रेलिंग आहे, वाटेत लिंबू-सरबताची पालं. काकूंना वर पोचायला चार तास लागले. सायकलवाल्यांपैकी दोघांची उतरताना मांडी धरली, काकूंचं काही नाही! सायकलचे पाय आणि उतरायचे पाय वेगळे असतात बरं का, त्यामुळे उंच शिखर शेवटच्या दिवशी ठेवा.

राहायचं कुठे? पाण्याच्या कडेचे तंबू फोटोत भारी दिसतात, पण शनिवारी रात्री शेजारच्या तंबूतला स्पीकर ऐकावा लागतो. पहाटे साडेपाचला निघायचं असेल तर शेंडीत किंवा मुरशेतला गावातलं घर बघा. फोनवर तीन गोष्टी विचारा. सायकली रात्री कुलपात, घराच्या आत ठेवता येतील का? एवढ्या माणसांत संडास किती? पहाटे चहा-पोहे मिळतील का? दुसऱ्या प्रश्नाला पोरं हसतात, पण मुली आणि काकू याच उत्तरावर येणार की नाही ते ठरवतात.

पोचायला मुंबईकरांना इगतपुरी स्टेशन, तिथून घोटीमार्गे. कसाऱ्यापर्यंत लोकलने येऊन पुढे सायकलने जाणारेही आहेत, पण कसारा घाटात अवजड वाहनं फार, नवख्यांना नेऊ नका. टेम्पो करा. फोनचं नेटवर्क घाटघर-साम्रदकडे मध्येच जातं, म्हणून नकाशा आधी डाउनलोड करा आणि भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर वनखात्याची पावती फाडावी लागते. सुटे पैसे ठेवा.

कधी जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जूनच्या तोंडावर काजव्यांसाठी इतकी गर्दी उसळते की त्या रस्त्यावर रात्री सायकल काय, माणूसही चालू शकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये घाटघरला पाऊस असा कोसळतो की समोरचं चाक दिसत नाही, आणि सांदणमध्ये तर तेव्हा पाऊलच टाकायचं नाही.

तुमच्या ग्रुपचा आकडा, कोण सायकलवाले, कोण चालणारे आणि कुणाचा गुडघा, हे मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात सायकल ट्रेनने कशी न्यायची ते बोलू. चला, भेटू.