एक हंगाम तरी



आजचा विषय पत्रिकेवर प्रश्न म्हणून छापला आहे: मोठ्या दुखापतीतून बऱ्या झालेल्या ज्येष्ठ खेळाडूने निवृत्त व्हावं का? माझं उत्तर मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना सात वाजून दहाची बस पकडायची आहे त्यांना शेवटापर्यंत थांबावं लागणार नाही. (हशा) उत्तर 'नाही' असं आहे. शरीर बरं झालं असेल तर त्या खेळाडूने निदान एक पूर्ण हंगाम खेळून पाहावं आणि मग ठरवावं. रुग्णालयातल्या खाटेवर निवृत्ती ठरवू नये. आणि प्रेक्षक म्हणून, वाचक म्हणून आपण तर ती मुळीच ठरवू नये. या मताला मी बऱ्याच वर्षांपासून धरून आहे. आज पुरावे मांडतो, आक्षेपही मांडतो, तुम्ही तपासून घ्या.

वानखेडेवरचा मार्च २००६ चा इंग्लंडविरुद्धचा कसोटी सामना इथल्या बहुतेकांना आठवत असेल, म्हणून तपशिलात शिरत नाही. सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद झाला आणि त्याच्या स्वतःच्या शहरात, स्वतःच्या मैदानावर प्रेक्षकांतल्या काहींनी हुर्यो उडवली. कोपराच्या दुखण्याने तो २००४ पासून हैराण होता, २००५ मध्ये त्यावर लंडनला शस्त्रक्रिया झाली होती, आणि या मालिकेनंतर लगेच खांद्यावरही करावी लागली. त्याच सुमारास एका इंग्रजी दैनिकाने त्याच्या इंग्रजी आडनावाचं पहिलं अक्षर गाळून 'एंडुलकर' असा मथळा दिला. पुढच्या वर्षी वेस्ट इंडिजमधल्या विश्वचषकातून भारत पहिल्याच फेरीत बाहेर पडला, तेव्हा इयन चॅपेल यांनी मुंबईच्याच 'मिड-डे'मध्ये लिहिलं की त्याने आता थांबण्याचा विचार करावा. चॅपेल यांना दोष देण्याचं कारण नाही. समोर दिसत होतं त्यावरून त्यांनी मत दिलं. पण तेव्हा सचिनच्या नावावर कसोटीतली ३५ शतकं होती आणि निवृत्त झाला तेव्हा ५१. म्हणजे १६ शतकं त्या हुर्योनंतरची. चेन्नईत डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच, ३८७ धावांचा पाठलाग करताना काढलेलं नाबाद शतक त्यातलंच. ग्वाल्हेरचं एकदिवसीय द्विशतक २०१० चं. त्याच वर्षी कसोटीत १५६२ धावा आणि सात शतकं. आणि २०११ च्या विश्वचषकात ४८२ धावा करून त्याच वानखेडेवरून तो विश्वविजेत्या संघाबरोबर बाहेर पडला. (टाळ्या) टाळ्या सचिनला मिळाल्या हे मी जाणतो. माझ्या युक्तिवादाला त्या मिळायला अजून बरंच बोलावं लागेल.

कारण तुमच्यापैकी कुणीतरी मनात म्हणत असेल, 'तो सचिन होता.' बरोबर आहे, एका असामान्य माणसावरून नियम काढता येत नाही. म्हणून अनिल कुंबळेकडे वळू. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे ऑस्ट्रेलियाविरुद्धची २००१ ची ती गाजलेली मालिका त्याला खेळता आली नाही. त्या मालिकेत हरभजन सिंगने काय केलं हे तुम्हाला सांगायला नको. कुंबळेने तिशी ओलांडली होती, लेगस्पिनरचा खांदा फाडून शिवलेला होता आणि त्याच्या जागी एक तरुण ऑफस्पिनर देशाचा नायक झाला होता. 'सन्मानाने थांबावं' असं म्हणायला याहून चांगली वेळ कोणती? तो थांबला नाही. त्याचा ३०० वा कसोटी बळी परतल्यानंतरचा आहे, डिसेंबर २००१ मधला, बंगळुरूचा. कारकीर्द ६१९ वर संपली. म्हणजे निम्म्याहून अधिक बळी शिवलेल्या खांद्याने घेतलेले आहेत. आता यापुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नोव्हेंबर २००८ मध्ये दिल्लीच्या कसोटीत कुंबळेच्या बोटाला इजा झाली, टाके पडले, आणि कर्णधार असूनही त्याने तिथेच निवृत्ती जाहीर केली. खांदा फाटला तेव्हा तो थांबला नाही, बोट फाटलं तेव्हा थांबला. दुखापत किती मोठी यावरून निवृत्ती ठरत असती तर हे उलटं व्हायला हवं होतं. पुढे किती खेळ शिल्लक आहे याचा अंदाज खेळाडू आतून घेतो. दुखापत हे त्या हिशेबातलं एक कलम असतं, आणि बहुतेकदा सर्वांत मोठं नसतं.

रॉजर फेडररने तर एकाच आयुष्यात दोन्ही उत्तरं दिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुलींच्या आंघोळीचं पाणी काढताना त्याचा गुडघा दुखावला आणि कारकिर्दीतली पहिली शस्त्रक्रिया झाली. विम्बल्डननंतर त्याने सहा महिने टेनिस सोडलं. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला तो १७ वं मानांकन घेऊन उतरला, वय ३५, आणि अंतिम फेरीत समोर नदाल, ज्याला ग्रँड स्लॅममध्ये तो २००७ नंतर हरवू शकला नव्हता. पाच सेट, आणि फेडरर विजेता. त्या वर्षी विम्बल्डन, पुढच्या वर्षी पुन्हा ऑस्ट्रेलियन ओपन आणि ३६ व्या वर्षी जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक. त्यानंतर २०२० मध्ये गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या, २०२१ मध्ये तिसरी. तो पुन्हा परतायला बघत होता, जमलं नाही, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने लंडनमध्ये निरोप घेतला. माणूस तोच, प्रयत्न दोनदा केला, एकदा फळला आणि एकदा नाही. कोणता फळेल हे आधी कुणालाच कळलं नसतं. डॉक्टरांनाही नाही. शिवलेला स्नायूबंध रोजच्या चालण्याला पुरेसा आहे का, हे तपासण्या सांगतात. पाचव्या सेटच्या ताणाला तो पुरेल का, हे पाचवा सेटच सांगतो. म्हणून मी हंगामाचा आग्रह धरतो.

आता विजय मर्चंट. त्यांच्या नावाने सांगितलं जाणारं ते वचन आपल्याकडे जवळजवळ कायद्यासारखं वापरलं जातं: लोकांनी 'का थांबलात' असं विचारावं तेव्हाच थांबावं, 'का थांबत नाही' असं विचारेपर्यंत वाट पाहू नये. विविध भारतीवर मर्चंट यांना ऐकत वाढलेली पिढी इथे पहिल्या रांगांत बसली आहे, तेव्हा मी आदर राखूनच बोलतो. सुनील गावसकर यांनी १९८७ मध्ये बंगळुरूला ९६ धावांची ती खेळी केली आणि कसोटी क्रिकेट सोडलं, हे या वचनाचं आदर्श उदाहरण मानतात. पण गावसकर धडधाकट होते. आपला प्रश्न दुखापतीतून उठलेल्या खेळाडूचा आहे, आणि त्या प्रश्नावर खुद्द मर्चंट यांची कारकीर्द काय सांगते ते पाहा. ऑगस्ट १९४६ मध्ये ओव्हलवर त्यांनी १२८ धावा केल्या आणि डेनिस कॉम्प्टनने फुटबॉलसारखा पायाने चेंडू मारून त्यांना धावचीत केलं. मागच्या बाजूला माना डोलताहेत, म्हणजे ही गोष्ट घराघरांत सांगितली गेली आहे. त्यानंतर मर्चंट यांची प्रकृती साथ देईना. १९४७-४८ चा ऑस्ट्रेलिया दौरा त्यांच्याविना झाला, वेस्ट इंडिजविरुद्धची पुढची मालिकाही त्यांच्याविना. पाच वर्षं एकही कसोटी नाही आणि वय चाळिशीला टेकलेलं. १९४६ च्या त्या शतकावर ते थांबले असते तर त्यांच्याच नावच्या वचनाप्रमाणे सर्वांनी 'का' विचारलं असतं आणि चित्र सुंदर राहिलं असतं. ते थांबले नाहीत. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध उतरले आणि १५४ धावा काढल्या, त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी. विजय हजारे यांनी त्याच डावात नाबाद १६४ केल्या. आणि याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांचा खांदा दुखावला, तिथे ते थांबले. १८ वर्षांत अवघे १० कसोटी सामने, आणि त्यातली सर्वांत मोठी खेळी शेवटच्या सामन्यात, पाच वर्षांच्या खंडानंतर. मर्चंट यांनी काय केलं याला मी त्यांच्या नावाने काय सांगितलं जातं यापेक्षा अधिक मान देतो. (टाळ्या) पुढे निवड समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी निर्णायक मताने पतौडींच्या जागी वाडेकरांना कर्णधार केलं, ते १९७१ चं प्रकरण मोह होऊनही बाजूला ठेवतो. मात्र त्यातला एक धागा हवा आहे: कुणाला खेळवायचं आणि कुणाला नाही हे काम निवड समितीचं असतं, आणि मर्चंट यांनी ते न कचरता केलं.

इथून पहिल्या मोठ्या आक्षेपाकडे येतो. तरुणांच्या जागेचं काय? मघाशी मागून कुणीतरी 'धोनी' असं ओरडलं, ते याच आक्षेपाचं रूप आहे. (हशा) हसू नका, प्रश्न खरा आहे. धोनीच्या गुडघ्यावर जून २०२३ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरही तो खेळला. ज्या संघाने त्याला घेतलं त्या संघाला जाब विचारा. ज्याला कुणी घेत नाही त्याने जागा अडवलेली नसते, आणि ज्याला घेतलं जातं त्याने स्वतःला घेतलेलं नसतं. आपल्याकडे अमोल मुझुमदारचं नाव काढलं की लोक हळवे होतात. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा करूनही त्याला भारताकडून एकही सामना मिळाला नाही. पण तो दोष कुण्या एकाच्या पुनरागमनाचा नव्हता. मधल्या फळीत द्रविड, लक्ष्मण, गांगुली आणि सचिन एकाच वेळी उभे होते. सचिनबद्दलचा आक्षेपही लपवत नाही: त्याचं शेवटचं कसोटी शतक जानेवारी २०११ चं, केपटाऊनचं, आणि तो नोव्हेंबर २०१३ पर्यंत खेळला. ती जवळजवळ तीन वर्षं जड गेली, हे मान्य. त्या काळात त्याला वगळायला हवं होतं असं कुणाला वाटत असेल तर ते निवड समितीला वाटायला हवं होतं. आपण तिचं अप्रिय काम खेळाडूच्या सद्सद्विवेकावर ढकलतो आणि त्याला 'वेळेवर थांबणं' असं गोंडस नाव देतो.

पैशांचा आक्षेप याच्याच पोटात येतो. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटच्या टाचेचा स्नायूबंध एप्रिल २०१३ मध्ये फाटला, वय ३४. तो मैदानावर परतण्याआधीच त्याच्या संघाने, लेकर्सने, दोन वर्षांचा ४ कोटी ८५ लाख डॉलरचा करार केला. परतल्यावर सहा सामन्यांत त्याचा गुडघा मोडला, आणि २०१५-१६ च्या शेवटच्या हंगामात संघ १७ सामने जिंकला, ६५ हरला. निरोपाच्या सामन्यात त्याने ६० गुण केले, तो भाग वेगळा. हे उदाहरण माझ्या विरोधात नेहमी दिलं जातं. मला ते माझ्या बाजूचं वाटतं. लेकर्सची चूक पुरावा हाती येण्याआधी निर्णय घेण्याची होती. वानखेडेवर हुर्यो उडवणाऱ्यांचीही तीच. एकाने आधीच सगळं देऊन टाकलं, दुसऱ्यांनी आधीच सगळं काढून घेतलं.

दुसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी माघार घेतो, आणि पूर्ण घेतो. मेंदूला मार बसत असेल तर हंगाम वगैरे काही नाही. मुष्टियोद्धा मुहम्मद अली १९८० मध्ये ३८ व्या वर्षी लॅरी होम्सपुढे उभा राहिला, पुढच्या वर्षी ट्रेव्हर बर्बिकपुढे, आणि १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचं निदान झालं. त्या शेवटच्या लढती व्हायला नको होत्या. गुडघ्याने दगा दिला तर माणूस लंगडतो. मेंदूने दगा दिला तर निर्णय घेणारा माणूसच उरत नाही, म्हणून तिथे निर्णय डॉक्टरांचा असावा आणि तो बंधनकारक असावा. ज्या खेळात एकाच्या चुकीने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, तिथेही हेच. पण टेनिसपटू अँडी मरे धातूचा खुबा बसवून २०१९ ते २०२४ खेळत राहिला, त्याचं मी समर्थन करतो. धोका त्याचा होता, तो सज्ञान होता आणि त्याला सगळं समजावून सांगितलेलं होतं.

अध्यक्षांनी घड्याळ पुढे सरकवलं आहे, तेव्हा मरेला इथेच सोडतो आणि ज्यासाठी आज आलो ते बोलतो. आतापर्यंतची सगळी नावं निवड करू शकणाऱ्यांची होती. लंडनमधली शस्त्रक्रिया, सोबत फिजिओ, वाट पाहणारा संघ. विनेश फोगटच्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली, आणि वर्षभरात तिने पॅरिसला तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत अपराजित असलेल्या युई सुसाकीला हरवलं. पुढचा वजनाचा वाद तुम्हाला ठाऊक आहे. ती परतू शकली कारण तिच्यामागे उपचार उभे होते. आपल्या तालुक्यातल्या कबड्डीपटूचा गुडघा चढाई करताना फिरतो, तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की बाबा, निवृत्त व्हायचं की खेळायचं? शस्त्रक्रियेचे पैसे नसतात. ते जमलेच तर नंतरच्या महिनोन्महिन्यांच्या व्यायामाला कुणी मार्गदर्शक नसतो. तालमीतल्या मल्लाचा खांदा निखळतो, तेल लावून बसवला जातो, पुन्हा निखळतो, आणि पंचविशीत तो गावी परततो. खो-खोतल्या मुलींचं याहून वाईट, त्यांचं लग्न होऊन जातं. यांतल्या कुणीच निवृत्ती घेतलेली नसते. तिशीच्या पुढचा खेळाडू आपल्या देशी खेळांत इतका कमी का दिसतो, याचं कारण मला इथे दिसतं. सचिनने केव्हा थांबायला हवं होतं यावर आपण वर्षानुवर्षं वाद घालतो, आणि ज्यांना परतायची एकदाही संधी मिळाली नाही त्यांची यादीसुद्धा कुणाकडे नाही.

या सभागृहात क्रीडा मंडळांचे पदाधिकारी आहेत, शाळांचे मुख्याध्यापक आहेत, गणेशोत्सवात आणि जयंत्यांना कबड्डीच्या स्पर्धा भरवणारे कार्यकर्ते आहेत. तुमच्या पुढच्या स्पर्धेच्या अंदाजपत्रकात ढाली, मंडप आणि ध्वनिक्षेपक यांच्या शेजारी एक ओळ वाढवा: जखमी खेळाडूंचे उपचार आणि त्यानंतरचा व्यायाम. रक्कम कितीही लहान असू द्या, पण ती ओळ या वर्षीच लिहा.