एका रेघेची चांदणी



पेंटाग्राम म्हटलं की इंग्रजी भुताचे सिनेमे आठवतात. पडक्या घराची फरशी, वर्तुळात काढलेली पाच टोकांची चांदणी, टोकाटोकाला मेणबत्ती. या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारलंच, ‘‘यंदा भुताखेतांकडे वळलात की काय?’’ म्हणून सुरुवातीला तुम्हाला एक काम देतो. हातातल्या कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेन न उचलता चांदणी काढा. शाळेत सगळ्यांनीच काढली आहे. एकमेकींना छेदणाऱ्या पाच सरळ रेघा, आणि पेन जिथून निघालं तिथेच परत. झाला पेंटाग्राम. झेंड्यांवर किंवा हॉटेलांच्या पाट्यांवर असते ती भरीव चांदणी वेगळी. आपला आजचा विषय रेघेचा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही आकृती जोवर मुख्यतः हाताने काढायची गोष्ट होती, तोवर ती बहुतेक ठिकाणी रक्षणाची खूण होती. पुढे ती डोळ्यांनी बघायचं चित्र झाली आणि मग तिच्यात सैतान दिसू लागला. हा बदल होऊन अजून पावणेदोनशे वर्षंही झालेली नाहीत.

आकृती स्वतः फार जुनी. प्राचीन इराकमधल्या आरंभीच्या लिपीतही ती सापडते. तिचं मूळ सांगताना लोकप्रिय पुस्तकं शुक्राचा दाखला देतात. आठ वर्षांत शुक्र पाच वेळा पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधून जातो, आणि राशिचक्रावर त्या पाच जागा क्रमाने जोडल्या तर चांदणी उमटते. गणित बरोबर आहे. पण हे गणित मनात धरून कुणी पाच हजार वर्षांपूर्वी चांदणी कोरली, असं त्यातून सिद्ध होत नाही. पाच रेघांची चांदणी कंटाळलेल्या माणसालाही सुचू शकते.

अर्थासकट ही खूण आपल्याला नीट भेटते ती पायथागोरसच्या अनुयायांजवळ. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेखक ल्युशियन लिहितो की या पंथाचे लोक ती आपसांतल्या ओळखीची खूण म्हणून वापरत आणि तिला ‘आरोग्य’ म्हणत. पायथागोरस ल्युशियनच्या सातशे वर्षं आधीचा, तेव्हा ही साक्ष उशिराची आहे, हे ध्यानात ठेवू. यांब्लिकस नावाच्या चरित्रकाराने एक गोष्ट दिली आहे. एक पायथागोरसपंथी वाटसरू धर्मशाळेत आजारी पडला. पैसे संपले, तरी मालकाने त्याची सेवा केली. मरताना वाटसरूने एका पाटीवर खूण काढून दिली आणि ती रस्त्यावर दिसेल अशी टांगायला सांगितलं. बऱ्याच दिवसांनी एक अनोळखी माणूस तिथून चालला होता. पाटी पाहून तो थांबला, त्याने चौकशी केली आणि सगळा खर्च भरून वर पैसे दिले. खूण कोणती होती ते यांब्लिकस सांगत नाही. पुढच्यांनी ती पेंटाग्राम धरली.

संख्येला देव मानणाऱ्या या पंथाला ही आकृती का मोहवत असेल, ते मात्र समजण्यासारखं आहे. तुमच्या चांदणीतली कुठलीही रेघ घ्या. दुसरी रेघ तिला जिथे छेदते तिथे तिचे दोन तुकडे होतात. अख्ख्या रेघेचं मोठ्या तुकड्याशी जे प्रमाण, तेच मोठ्याचं लहानाशी. ते साधारण १.६१८ येतं. मधोमध एक छोटा पंचकोन तयार होतो, त्यात पुन्हा चांदणी काढता येते, तिच्या पोटात पुन्हा पंचकोन. पेन्सिलीचं टोक साथ देईल तोवर हे चालू ठेवा.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या जेरुसलेमच्या मडक्यांच्या कानांवर या चांदणीचा शिक्का मिळतो. पाच टोकांच्या मधल्या जागांत शहराच्या नावाची पाच अक्षरं. पुढे ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान, तिन्ही परंपरांत सॉलोमन राजाच्या अंगठीच्या कथा पसरल्या. या अंगठीच्या मुद्रेने तो राक्षसांना कामाला जुंपत असे. मुद्रा कुठे पाच टोकांची, कुठे सहा. मोरोक्कोच्या झेंड्यावर १९१५ पासून लाल कापडावर हिरवा पेंटाग्राम आहे, आणि तिथे तो सॉलोमनची, म्हणजे सुलेमानची, मुद्रा म्हणूनच ओळखला जातो. पुढच्या वेळी फुटबॉलच्या सामन्यात तो झेंडा दिसला तर निरखून बघा. भरीव चांदणी नाही ती, रेघांची आहे.

आता ख्रिस्ती युरोप. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ हे काव्य लिहिलं गेलं. कवी अनामिक, हस्तलिखित एकच उरलेलं. नायक गवेन हा आर्थर राजाचा सरदार. त्याच्या लाल ढालीवर सोनेरी पेंटाग्राम आहे, आणि गोष्ट ऐन रंगात असताना कवी ती बाजूला ठेवून या चिन्हाचं निरूपण करत बसतो. आपल्या कीर्तनकारांना हे ओळखीचं वाटेल. पाच इंद्रियं, पाच बोटं, क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या पाच जखमा, मेरीचे पाच आनंद आणि पाच गुण: औदार्य, बंधुभाव, शुचिता, सौजन्य, करुणा. पाच पंचकं. पण कवीचा खरा जीव आहे तो रेघ कुठेच संपत नाही, यावर. एक गुण दुसऱ्यात गुंतलेला, कुठूनही सुरू करा, तुटक जागा सापडणार नाही. मग गोष्टीत काय होतं? जीव वाचावा म्हणून गवेन एक हिरवा पट्टा लपवून ठेवतो, दिलेला शब्द मोडतो. ढालीवरची रेघ शाबूत राहते, माणसाची तुटते. मला हे काव्य या चिन्हावरचं सर्वात शहाणं भाष्य वाटतं.

फ्रान्समध्ये आमियां इथल्या कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या प्रचंड गोल खिडकीत दगडी पेंटाग्राम आहे. एक टोक खाली, दोन वर. सिनेमावाल्यांच्या भाषेत ‘सैतानी’. ती घडवताना आणि बसवताना कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण उलट-सुलट हा प्रश्नच तेव्हा जन्माला आला नव्हता.

चर्चबाहेरच्या लोकांचा वापर आणखी रोखठोक होता. जर्मन भाषक मुलखात रात्री छातीवर बसणारी एक बया मानली जाई. ती येऊ नये म्हणून उंबरठ्यावर, पाळण्यावर, पलंगावर पेंटाग्राम काढत. ‘फाउस्ट’ या नाटकाच्या १८०८ साली छापलेल्या पहिल्या भागात जर्मन कवी गटेने याचा बहारदार उपयोग केला आहे. सैतानाचा दूत मेफिस्टो कुत्र्याच्या रूपात फाउस्टच्या खोलीत शिरतो. जायची वेळ येते तेव्हा अडकतो, उंबरठ्यावर पेंटाग्राम आहे! मग आत आलास कसा? तर बाहेरच्या बाजूचा कोन नीट जुळलेला नाही, जरासा उघडा राहिला आहे. आतल्या बाजूने मात्र रेघा पक्क्या. शेवटी मेफिस्टो उंदराकडून एक कोपरा कुरतडून घेतो आणि निसटतो. इथे पेंटाग्राम सैतानाची खूण तर नाहीच, उलट सैतानाला कोंडणारी आहे. आणि तिची ताकद टोक वर की खाली यात नसून रेघ मिटली की नाही, यात आहे.

आता युरोप सोडून जपानला जाऊ. क्योटोमध्ये आबे नो सेइमेई या दहाव्या शतकातल्या दरबारी ज्योतिष्याचं देऊळ आहे. देवळाचं चिन्ह पेंटाग्राम. चिनी विचारातली लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही पाच तत्त्वं आणि एकाने दुसऱ्यावर मात करण्याचा क्रम त्यात वाचतात. पण मला जास्त भावतात त्या मिए प्रांतातल्या आमा, समुद्रात बुडी मारून शिंपले नि कालवं काढणाऱ्या बायका. पाठीवर प्राणवायूची नळकांडी नाही, जो काही खेळ तो एका श्वासाचा. पाण्याखाली आपल्यासारखीच दिसणारी एक बाई भेटते, हाताने खुणावते आणि खोल ओढून नेते, अशी त्यांच्यात भीती आहे. म्हणून डोक्याच्या पांढऱ्या फडक्यावर त्या दोन खुणा शिवतात. एक जाळी, तिचे अनेक डोळे पहारा देतात. दुसरी चांदणी. चांदणी का? एका रेघेत निघून ती निघाल्या जागी परतते, तशी बुडी मारलेली बाईही वर यावी म्हणून. या बायकांनी गवेन वाचलेला नव्हता आणि गटेही नाही.

मग बिघडलं कुठे? पॅरिसमध्ये. आल्फोन्स लुई कॉन्स्टन्ट हा पाद्री होण्यासाठी शिकलेला, पण धर्मपीठाबाहेर पडलेला माणूस. त्याने एलिफास लेव्ही हे नाव घेऊन १८५४ ते १८५६ या काळात उच्च जादूविद्येवर दोन भागांचा ग्रंथ लिहिला. एक टोक वर असेल तर चांदणी शुभ, दोन टोकं वर असतील तर ती जारणमारणवाल्यांचा बोकड, असं त्याने ठरवून टाकलं: वरची दोन टोकं शिंगं, बाजूची दोन कान, खालचं दाढी. लेव्ही चांदणी काढत नाहीये, बघतोय! आकाशातल्या ढगात हत्ती दिसावा, तसा त्याला बोकड दिसला. गंमत म्हणजे त्याने काढलेल्या प्रसिद्ध बोकडमुखी मूर्तीच्या कपाळावर पेंटाग्राम आहे, तो सुलटाच. १८९७ मध्ये स्टानिस्लास द गुआइता याच्या पुस्तकात उलट्या चांदणीत बसवलेलं बोकडाचं मुंडकं छापून आलं. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अँटन लाव्हे याने ‘चर्च ऑफ सेटन’ काढलं आणि तेच चित्र उचललं. पुढचं काम पुस्तकांच्या मुखपृष्ठांनी, गाण्यांच्या तबकड्यांनी आणि सिनेमांनी केलं. प्राचीन म्हणून ज्याचा धाक घालतात, ते आपल्या आगगाडीच्या वयाचं आहे.

पण मग दुसऱ्या बाजूचा दावाही याच तराजूत घालायला हवा. आज ब्रिटन-अमेरिकेत विक्का नावाचा धर्म पाळणारे लोक वर्तुळातला सुलटा पेंटाग्राम गळ्यात घालतात. पाच टोकं म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आत्मतत्त्व. आपल्या माना लगेच डोलायला लागतात, पंचमहाभूतं आली म्हणून. जरा थांबा. आपलं पाचवं आकाश, त्यांचं पाचवं आत्मतत्त्व. शिवाय टोकांची ही वाटणी रूढ केली ती १८८८ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गुप्त मंडळाने, आणि त्यांच्यापुढे लेव्हीचे ग्रंथ होतेच. विक्का लोकांपुढे आणला जेराल्ड गार्डनर या मलायात नोकरी केलेल्या निवृत्त कस्टम अधिकाऱ्याने, १९५४ च्या पुस्तकातून. हा पाषाणयुगापासून लपूनछपून चालत आलेला धर्म आहे, हा त्याचा दावा इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये कागदपत्रांनिशी मोडीत काढला. एक गोष्ट मात्र या मंडळींनी परत आणली. चारी दिशांना तोंड करून ते हवेत हाताने पेंटाग्राम काढतात, आणि कुठल्या टोकापासून कुठे जायचं यावर आवाहन की विसर्जन ते ठरतं. चांदणी पुन्हा हातात आली.

नवा धर्म खोटा धर्म असतो का? मला तसं वाटत नाही. परदेशात दिवाळीला दारावर स्वस्तिक काढणाऱ्या मराठी कुटुंबाला शेजाऱ्यांपुढे जे समजावत बसावं लागतं, तेच गळ्यात पेंटाग्राम घालणाऱ्या बाईला ऑफिसात समजावावं लागतं. १९८५ मध्ये एका खुन्याने लॉस एंजेलिसच्या कोर्टात तळहातावरची चांदणी कॅमेऱ्यांना दाखवली. तिचा जाब या बाईने का द्यावा?

अमेरिकेत हा प्रश्न दफनभूमीत येऊन पोचला. मृत सैनिकाच्या शिळेवर कोणती धर्मचिन्हं कोरता येतील, याची तिथल्या सरकारची यादी आहे. तिच्यात नास्तिकांचीही खूण होती, पेंटाग्राम नव्हता. २००५ मध्ये नेवाडाचा एक सार्जंट अफगाणिस्तानात हेलिकॉप्टर पडून मारला गेला. तो विक्कापंथी होता. त्याच्या पत्नीने चिन्ह मागितलं, सरकारी खात्याने निर्णय लांबवला, आणि तिच्यासह इतरांनी केंद्र सरकारवर खटला भरला. एप्रिल २००७ मध्ये सरकारने तडजोड केली. वर्तुळातला पेंटाग्राम तेव्हापासून त्या यादीत आहे.