लहान शाळेचे पुढारीपण



शाळा काढणे म्हणजे मुलांवर चालणारी सत्ता हाती घेणे होय. मोठ्या शाळेत ही सत्ता अनेकांत वाटलेली असते. हेडमास्तरांच्या वर संस्थेचे मंडळ असते, मंडळाच्या वर खाते असते. पण पाच-पन्नास मुलांची, आपल्या कल्पनेने चालणारी एखादी स्वतंत्र शाळा घ्या. तेथे कल्पना एकाची, शिक्षक त्याने निवडलेले, आणि आईबापही त्याच्याच नावावर विश्वास ठेवून आलेले. मुलांच्या स्वातंत्र्यासाठी काढलेल्या अशा शाळेत चालकच नकळत राजा होऊन बसतो. त्याने कसे वागावे, आणि त्याच्यामागे शाळेचे काय व्हावे, या प्रश्नाचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

यासाठी मी इंग्लंडमधील समरहिल ही शाळा घेतो. तिचे संस्थापक ए. एस. नील हे स्कॉटलंडचे. 1883 मध्ये एका खेड्यातील शाळामास्तराच्या घरी त्यांचा जन्म झाला, आणि वडिलांच्याच हाताखाली त्यांनी शिकविण्यास आरंभ केला. छडीची शाळा त्यांनी अशी घरातूनच पाहिली होती. 1921 मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनजवळ त्यांनी नव्या शाळेचा उपक्रम सुरू केला. पुढे ती इंग्लंडात आली, आणि 1927 पासून सफोक परगण्यातील लाइस्टन या गावी आहे. मुले तेथेच राहतात. तासाला बसावे की न बसावे हे मुलाने स्वतः ठरवावयाचे, हा तेथील पहिला नियम. दुसरा नियम सभेचा. शाळेतील दैनंदिन जीवनाचे कायदे सर्वांची सभा करते, आणि त्या सभेत सहा वर्षांच्या मुलाचे मत एक व मुख्याध्यापकांचेही एकच.

एकदा नील यांनी ठराव मांडला की, सोळा वर्षांखालील कोणी धूम्रपान करू नये. तंबाखू हे विष आहे, वगैरे सर्व युक्तिवाद त्यांनी केला. मते घेतली, आणि ते मोठ्या बहुमताने हरले! ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. आपल्यापैकी कित्येकांना हे ऐकून धक्का बसेल, आणि तो बसावाही. आज तंबाखूविषयी जे आपल्याला माहीत आहे ते पाहता, असा प्रश्न मुलांच्या मतावर सोडावा असे मी म्हणणार नाही. तथापि सभा नाटकी असती, तर मुख्याध्यापक हरलेच नसते, हे आपण ध्यानी घ्यावे. ज्या सभेत वडीलधाऱ्यांचा ठराव कधीच पडत नाही, तिला सभा म्हणणे ही मुलांची फसवणूक आहे. आणि लहान मुलांना फसवणूक फार लवकर कळते.

मग नील यांनी सर्वच सोडून दिले होते काय? मुळीच नाही. शिक्षक नेमणे आणि अयोग्य वाटल्यास त्याला निरोप देणे हे त्यांनी स्वतःकडे ठेवले होते. निजावयाच्या खोल्यांची वाटणी, जेवणाचे पदार्थ, बिलांचे हिशेब हे त्यांच्या पत्नी पाहत. या गोष्टी सभेपुढे जात नसत, आणि त्या जात नाहीत हे सर्वांना आधीपासून ठाऊक असे. माझ्या मते पुढारीपणाचे मर्म येथे आहे. काय आपल्याकडे ठेवले आणि काय सोडले, ही रेघ चालकाने आधी आखावी, उघड आखावी, आणि हरल्यानंतर ती हलवू नये. ‘तुम्हीच ठरवा’ म्हणावयाचे आणि मनाविरुद्ध ठरले की ‘तसे नव्हे’ म्हणावयाचे, यापेक्षा सरळ हुकूम बरा. हुकुमात निदान खोटेपणा नसतो.

समरहिल निर्दोष आहे असे नाही. ती फी भरणाऱ्यांची शाळा आहे. गरिबाच्या मुलाला तिची दारे सहसा उघडत नाहीत. पण पैशाच्या बाबतीत तिने एक गोष्ट साधली, ती म्हणजे टिकून राहणे. केंब्रिजला 1924 मध्ये माल्टिंग हाउस नावाची अशीच एक शाळा निघाली. सुझन आयझॅक्स या विदुषींनी तेथे मुलांची जी निरीक्षणे केली, ती पुढे शिक्षणशास्त्रात मान्यता पावली. पण शाळेचा सगळा भार जेफ्री पाइक या एकाच गृहस्थाच्या बाजारातील सट्ट्यावर होता. सट्टा बुडाला, आणि 1929 मध्ये शाळा मिटली. विचार उत्तम होता, खांब मात्र एकच होता.

1973 मध्ये नील वारले. त्यांच्या पत्नी एना यांनी 1985 पर्यंत शाळा चालविली, आणि नंतर कन्या झोई रेडहेड यांनी ती हाती घेतली. 1999 मध्ये सरकारी तपासणी झाली, आणि शिक्षणखात्याने शाळेवर नोटीस बजावली. तासाला बसणे ऐच्छिक असणे हाच मुख्य आक्षेप. ते सोडावे, तर शाळेचा प्राणच जाणार. न सोडावे, तर शाळाच बंद होण्याचा धोका! शाळेने दाद मागितली. मार्च 2000 मध्ये लंडनच्या न्यायमंदिरात सुनावणी सुरू असताना सरकारने तडजोड पुढे केली. झोईबाईंनी ती एकट्याने पत्करली नाही. त्याच न्यायकक्षात मुलांची सभा भरली, चर्चा झाली, आणि मुलांच्या मतानंतर तडजोड मान्य झाली. ऐच्छिक तासांचे तत्त्व कायम राहिले. संस्थापक जाऊन सत्तावीस वर्षे होत आली होती. पण त्यांनी मुलांना दिलेली सवय, संकटाच्या दिवशीही, जिवंत होती.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. नील सप्टेंबर 1973 मध्ये गेले. त्याच्या आदल्याच महिन्यात ताराबाई मोडक गेल्या. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेव्हाच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही गेली. ताराबाईंनी अनुताईंना नुसते हाताखाली राबविले नाही, बरोबरीने वाढविले. म्हणूनच ताराबाईंनंतरही 1992 मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत अनुताईंना तो वसा चालविता आला.

श्रोतेहो, आपल्या गावात कोणी धडपडी व्यक्ती लहानशी शाळा काढते, तेव्हा आपण तिचे कौतुक करतो, देणगी देतो, आणि ‘अमक्या बाईंची शाळा’ असे तिचे नावच पाडतो. यापुढे कौतुकाबरोबर दोन प्रश्नही विचारीत जावे. बाई, तुमचा ठराव तुमच्या शाळेत कधी पडतो काय? आणि उद्या तुम्ही पंधरा दिवस अंथरुणाला खिळलात, तर शाळा कोण चालवील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल आणि दुसऱ्याच्या उत्तरात दोन-चार नावे निघतील, तर खुशाल आपली मुले तेथे घालावीत. ती शाळा मग एकट्या बाईंची राहिलेली नसते. ती मुलांची आणि गावाची झालेली असते.